बाईंच्या पदरावरचा माइक

मी कॉलर माइक बोलतोय. बोलणं हे खरं तर माझं काम नव्हे. दुसऱ्यानं बोललेलं मुकाट्यानं उचलायचं आणि पुढं सरकवायचं, एवढंच मला शिकवलेलं. पण इतकी वर्षं इतक्या जवळून इतकं ऐकलंय की आता पोटात मावेना. आणि माझं पोट ते केवढं, शेंगदाण्याच्या टरफलाएवढं!

नाव कॉलर माइक, पण कॉलर काही माझ्या नशिबी आली नाही. माझं सगळं आयुष्य साडीच्या पदरावर गेलं. साडी सुती, कडक खळीची. तिचा वास मला अजून आठवतो. मला नाक नाही, तरी आठवतो.

जन्म चीनमधल्या कुठल्याशा कारखान्यातला. आईबाप आठवत नाहीत, सोल्डरिंगचा एक चटका तेवढा आठवतो. आम्ही जुळे, मी आणि माझा भाऊ रिसिव्हर. मी बोलणाऱ्याच्या अंगावर राहायचं, त्यानं कॉम्प्युटरला चिकटून बसायचं, मधे वायर नाही. मी इकडे ऐकलं की तो तिकडे सांगणार. त्याच्या कुशीत हेडफोनसाठी एक बारीक भोक आहे, आवाज नीट येतोय का ते तपासायला. या भोकानं एका घरात जो काही गोंधळ घातला, तो सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

जहाजातून, कंटेनरमधून, टेंपोतून आदळत आपटत आम्ही पुण्यात तपकीर गल्लीत पोचलो. रंगराव नावाच्या गृहस्थांचं तिथं माइक-स्पीकरचं दुकान होतं. काचेच्या कपाटात माझ्या शेजारी सोनेरी काठाचा एक माइक बसलेला असे. फार गर्विष्ठ. त्याच्या डबीवर लिहिलं होतं की हा फक्त माणसाचा आवाज ठेवतो आणि बाकीचा गोंगाट पुसून टाकतो. माझ्या डबीवर असलं काही नव्हतं. मी आपला येईल ते ऐकणारा. रिक्षाचा हॉर्न, रंगरावांचं चहा भुरकणं, सगळं सारखंच. "तुला निवड नाही," असं तो सोनेरी मला रोज ऐकवायचा.

एके दिवशी सकाळी दुकानात तिघं जण आले. पुढं अलिझा, खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारी, हातात हेल्मेट, बोलणं धावतं. तिच्यामागं तिची आजी अख्तरबानू. ताठ कणा, सुती साडी, गळ्यावर ऑपरेशनची बारीक रेघ. आणि सगळ्यात मागं आजोबा रहीमचाचा. त्यांनी आल्या आल्या स्टूल पकडलं आणि दुकानाकडं असं बघायला लागले, जणू विकत घ्यायला आलेत.

ही मंडळी खडकीची. अख्तरबानू तिथल्या एका शाळेत मराठी शिकवायच्या. सगळी खडकी त्यांना बाई म्हणायची, सख्खा नवरासुद्धा बाईच म्हणायचा. त्यांचा आवाज असा होता म्हणे, की बाईंनी वर्गातून नुसतं "शर्ट!" म्हटलं की मैदानाच्या त्या टोकाचा मुलगा शर्ट आत खोचायचा. चाचांचं खडकी बाजारात पत्र्याच्या पेट्यांचं दुकान. काळ्या रंगाच्या, कड्या-कोयंड्याच्या, फौजी लोक नेतात तसल्या. आता तिथं त्यांचा मुलगा शहेजाद चाकांच्या बॅगा विकतो. पण चाचांनी जन्मभर पत्रा ठोकला होता, आणि पत्र्यानं त्यांचे कान ठोकले होते. हळूहळू त्यांना फक्त दोन गोष्टी ऐकू यायच्या उरल्या, आगगाडीची शिट्टी आणि बाई.

मग बाईंच्या गळ्यात गाठ झाली. गाठ साधी निघाली, पण काढल्यावर आवाज सुतासारखा बारीक झाला. जोर लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणजे बायकोला मोठ्यानं बोलता येईना आणि नवऱ्याला हळू ऐकू येईना. बाईंनी खुणेनं मीठ मागितलं की चाचा पंखा लावायचे. कानात मशीन बसवा असं कुणी सुचवलं की तोंड फिरवायचे. पासष्टीनंतरही केसांना मेंदी लावणारा माणूस, कानावर म्हातारपणाची पाटी कशी लावून घेणार? बाईंनी निवृत्तीनंतर घरी सुरू केलेल्या शिकवण्या सोडल्या. दोन वर्षं त्या घरात भांडीच काय ती मोठ्यानं बोलत.

अलिझाच्या कंपनीत मदुराईपासून कानपूरपर्यंतची माणसं. वाघोलीत फ्लॅट घेतलेले, पण भाजीवालीशी बोलायचं तर मोबाइल पुढं करायचे. ट्रेनिंगचं बघणारी निकिता मराठीचा ऑनलाइन क्लास सुरू करायच्या विचारात होती. "माझी दादी घेईल," असं अलिझा परस्पर सांगून मोकळी झाली होती. आधी एक तास नमुन्याचा, तो आवडला तर पुढं.

रंगरावांनी पेपरातून मान वर न करता विचारलं, "काय हवंय?"

"कॉम्प्युटरला लावायला कॉलर माइक. वायरलेस."

"तोंडापुढं दांडी येणारा हेडफोन घ्या की. वायरवाला. कॉम्प्युटरला तोच बरा."

"घेतला होता," अलिझा म्हणाली. "दादी शिकवताना चालते. तिच्यामागून लॅपटॉप पण निघाला."

"बसून शिकवता येत नाही का?"

बाई पुढं झाल्या. त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "बसून शिकवणं म्हणजे पलंगावर पोहणं."

रंगरावांनी पेपर खाली ठेवला. त्या दुकानात हा मान मी फार थोड्यांना मिळताना पाहिला होता.

पहिला मान अर्थातच सोनेरीला. अलिझानं हेडफोन कानाला लावला, बाईंनी त्याला पदराला लावून म्हटलं, "कमळ. बाळ. पाणी. लोणी."

अलिझाचा चेहरा पडला. "दादी, परत म्हण ना."

बाईंनी परत म्हटलं. रंगरावांनी स्वतः हेडफोन लावून ऐकलं आणि डोकं खाजवलं. "ह्यात आवाज साफ करायची सोय आहे ना, ती जरा जास्तच शहाणी आहे. बारीक आवाज आला की तिला वाटतं पंख्याचा वारा आहे. पुसून टाकते."

"म्हणजे यंत्राच्या मते मी वारा," बाई म्हणाल्या. हसल्या, पण हात गळ्यावरच्या रेघेवर गेला. मला फार वाईट वाटलं. सोनेरीला काही वाटलं नाही. त्याला ऐकूच आलं नव्हतं.

मग एक केसाळ माइक निघाला. "ही खार पदराला लावून मी व्याकरण शिकवू?" बाईंनी तो परत केला. पुढच्याची पिन अलिझानं सोबत आणलेल्या जुन्या लॅपटॉपात बसेना. मग माझी डबी उघडली. इतक्यात गल्लीत आरडाओरडा झाला, "गाडी उचलतायत!" अलिझाची स्कूटर कडेला उभी होती. हेडफोन स्टुलाजवळ टाकून ती पळाली. तेवढ्यात रंगरावांना दुसरं गिऱ्हाईक आलं. त्यांनी हेडफोन सरळ चाचांच्या डोक्यावर चढवला, रिसिव्हरचं आवाजाचं चाक पार शेवटपर्यंत फिरवलं आणि म्हणाले, "काका, तुम्ही ऐका, मी आलोच."

त्यांना काय ठाऊक, काकांना काय ऐकू येतं ते.

बाईंनी मला पदराला लावलं. समोर बघतात तर नवरा हेडफोन घालून बसलेला. दोन वर्षांत त्यांना एक सवय लागली होती, मनातलं पुटपुटायची. ऐकणारं कुणी नाही म्हटल्यावर माणूस कसाही बोलतो.

"बघा कसे बसलेत, विमान चालवायला निघाल्यासारखे," बाई पुटपुटल्या. "शेजारी ढोल वाजला तर वळून बघत नाहीत आणि माइक निवडणार! बनियन पण उलटा घातलाय."

चाचांचा हात मानेकडं गेला. बनियनच्या पट्टीपर्यंत पोचला, थबकला, आणि मग उगीचच मान खाजवायला लागला. डोळे भरून आले होते. दोन वर्षांनी बायकोचा आवाज कानात पडला होता आणि त्यात सगळी खरडपट्टी होती. माणूस इतका खूश झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

"हाच घ्यायचा!" चाचा ओरडले. अर्धी गल्ली थांबली.

बाईंनी खुणेनं विचारलं, तुम्हाला काय ऐकू आलं?

"डबी मजबूत आहे," चाचा म्हणाले. "पत्रा चांगला आहे."

"काका, प्लास्टिक आहे," रंगराव म्हणाले.

"मग प्लास्टिक मजबूत आहे."

असा मी निवडला गेलो. सोनेरीनं काचेआडून तोंड फिरवलं असणार. मी काही वळून पाहिलं नाही.

घरी आल्यावर चाचांनी माझी सगळी व्यवस्था आपल्या अंगावर घेतली. "सवय झाली पाहिजे, क्लासच्या दिवशी घोटाळा नको," असं म्हणून सकाळीच मला बाईंच्या पदराला लावायचे. रिसिव्हर स्वतःच्या कुडत्याच्या खिशात, हेडफोन डोक्यावर. आल्यागेल्याला वाटे, म्हातारा जुनी गाणी ऐकतोय. बाईंनाही तेच वाटे. गाणी फार मोठ्यानं लावली की थोडीफार ऐकू येतात, असं चाचांनी ठोकून दिलं होतं.

एरवी त्या घरात निम्मी दख्खनी, निम्मी मराठी. पण बाई चिडल्या की शुद्ध मराठीवर यायच्या. त्यामुळं पुटपुटणं सगळं अस्सल मराठीत, कानामात्रेसकट.

"एक दिवस स्वतः चहा केला तर हातावरची मेंदी उतरेल का?" बाईंनी एकदा कपबशीला विचारलं. दुसऱ्या दिवशी त्या उठल्या तर चहा तयार. त्यात इतकं आलं होतं की बाईंना ठसका लागला. तरी पूर्ण प्यायल्या. कपाकडं आणि नवऱ्याकडं आळीपाळीनं बघत.

मग त्या पोळपाटाला म्हणाल्या, "खडकवासला भरलं की सगळं पुणं बघायला जातं. आम्ही टीव्हीवर बघतो." त्या रविवारी चाचा नवा कुडता घालून दारात उभे. "चला बाई, धरणावर जाऊ." बाईंनी खिडकीतून आभाळाकडं पाहिलं, सूर्य बरोबर दिशेनं उगवलाय ना ते बघायला. धरणावर दोघांनी तिखट-मीठ लावलेली कणसं खाल्ली. मी पदरावर फडफडत होतो आणि माझ्यात नुसता वारा भरत होता. बाई पाण्याकडं बघून काहीतरी बोलत होत्या, पण मला एक अक्षर धड लागेना. चाचा हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून उभे. वैतागून तोंडातून निघणारच होतं "काय म्हणालात?" त्यांनी झटकन कणीस तोंडात कोंबलं.

त्या संध्याकाळी बाईंनी अलिझाला गाठलं. "तुझ्या दादाअब्बांना काहीतरी झालंय. न सांगता कळायला लागलंय."

"मग चांगलं आहे की, दादी."

"चांगलं काय? भीती वाटते. चाळीस वर्षांत कळलं नाही ते आठवड्यात कळतंय. डॉक्टरला दाखवू या का?"

भिंतीपलीकडं चाचांनी टॉवेल तोंडात धरला होता. अलिझा पाणी प्यायला तिकडं गेली तर आजोबा हेडफोन घालून लोळण घेताहेत. त्या पोरीला काय ते क्षणात कळलं. चाचांनी हात जोडले. तिनं कपाळावर हात मारला आणि निमूट पाणी प्यायली.

मलाही मजा येत होती, खोटं कशाला बोलू? दिवसभर एक जण बोलतोय, दुसरा ऐकतोय, मधे मी. माइकाला आणखी काय पाहिजे?

पण नमुन्याच्या तासाच्या आदल्या दुपारी बाई कढई घासत होत्या. बराच वेळ नुसती घासणी वाजत होती. मग त्या म्हणाल्या, "आवाज गेला तर गेला. पण ह्यांनी एकदा तरी विचारायचं, बाई, तुम्ही बोलत का नाही? कानात मशीन घाला म्हटलं की तोंड फिरवतात. माझं बोलणं ऐकावंसं वाटलं असतं, तर घातलं नसतं?"

पुढच्या खोलीत चाचा आपल्या हातानं बनवलेल्या एका काळ्या पेटीवर बसले होते. त्यांनी हेडफोन काढला. मांडीवर ठेवला. थोड्या वेळानं परत घातला. आत नुसता नळ सोडल्याचा आवाज आला.

आज सांगावं, आत्ता सांगावं असं करत चाचांनी तो दिवस घालवला. सांगितलं नाही.

शनिवारी तास होता. टेबलावर लॅपटॉप, त्याला रिसिव्हर जोडलेला, रिसिव्हरला हेडफोन, आणि हेडफोनमध्ये चाचा. आवाजावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं ना! अलिझा ऑफिसातून जोडली गेली होती. पडद्यावर नावांचे चौकोन, बहुतेकांचे कॅमेरे बंद. कुणीतरी वेफर्स खात होतं, ते मला भावाकडून कळलं.

"वीस मिनिटं बघू या, मॅडम," निकिता म्हणाली. "मग माझी दुसरी मीटिंग आहे."

बाईंचा आवाज थरथरत होता. पदर थरथरत होता, त्यावर मी थरथरत होतो. त्या खुर्चीत बसल्या आणि "नाम म्हणजे काय" असं काहीतरी सुरू केलं. चौकोन गप्प. वेफर्सचा आवाज तेवढा चालू. मी मनात म्हटलं, बाई, उठा. उठा हो!

आणि बाई उठल्या. दोन पावलं टाकली, मग चार. "व्याकरण राहू दे," त्या म्हणाल्या. "मला सांगा, तुम्ही भाजीवालीकडं केळी मागता तेव्हा ती का हसते?"

वेफर्स थांबले.

"मैं तो 'केली' बोलती हूँ," कानपूरची वर्तिका म्हणाली.

"म्हण, केळी."

"केली."

"केळी!" मदुराईचा सेल्वम मधेच म्हणाला, अगदी स्वच्छ.

"वा! ह्या मुलानं ळ घरूनच आणलाय. वर्तिका, जीभ जरा मागं वळव. घाबरू नकोस, वळते." बाई चालत चालत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचल्या होत्या, पाठ खोलीकडं, आवाज आणखी खाली. "आमच्या घरात एक जण आहेत, हाक मारली तर त्यांची मानसुद्धा वळत नाही. तुझी तर नुसती जीभ आहे."

"ख्खॅ!" चाचा हसले. मोठ्यानं, मनापासून.

बाई थांबल्या. हळूच वळल्या. चाचा छताकडं बघत होते.

बाई स्वयंपाकघरात गेल्या, भिंतीआड उभ्या राहिल्या आणि मुंगीचीही झोप मोडणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, दूध उतू चाललंय."

गॅसवर दूध नव्हतं. काहीच नव्हतं.

चाचा ताडकन उठून धावले. हेडफोन डोक्यावरून उडाला, जाता जाता लॅपटॉप कलंडला, आणि सगळ्या क्लासला खडकीच्या घराचा पंखा दिसायला लागला. चाचा आत पोचले तर गॅस बंद, आणि बाई हाताची घडी घालून उभ्या.

"म्हणजे आपल्याला ऐकू येतं," बाई म्हणाल्या. 'आपल्याला'! मी सगळा गारठलो.

चाचांनी काय ऐकलं? काहीच नाही. हेडफोन बाहेर राहिलेला. फक्त बाईंचे ओठ हलताना दिसले आणि ते ओठ काही बरं बोलत नव्हते. "थांबा, थांबा, एक मिनिट!" म्हणून ते बाहेर धावले. हेडफोन घातला, पण वायर तोकडी पडली. मग सगळी वरातच उचलली, लॅपटॉप, रिसिव्हर, सगळं कवेत घेऊन परत बाईंच्या समोर येऊन उभे राहिले.

"हां. आता बोला."

आणि बाई बोलल्या! काय बोलल्या! आवाज बारीक होता, पण मी त्यांच्या गळ्यापासून चार बोटांवर, एक शब्द खाली सांडू दिला नाही.

"ढोंगी! आगाऊ! चोंबडे! कधीपासून चाललंय हे?"

"दुकानापासून."

"दुकानापासून? म्हणजे बनियन..."

"घरी येऊन सरळ केला."

"तो आल्याचा चहा?"

"ऐकून."

"खडकवासला?"

"ऐकूनच. तिथं मात्र वारा फार होता."

बाईंचा श्वास माझ्यावर आदळला. "आणि काल दुपारी? कढईपाशी?"

चाचांची मान खाली गेली. "तेही."

 मग चाचा म्हणाले, आणि एरवीसारखे ओरडून नाही, "मला वाटायचं तुम्ही अबोला धरलाय. कान माझे गेलेत, हे मनाला पटवून घ्यायचं नव्हतं, म्हणून तुम्ही रुसलात असं धरून चाललो. दुकानात तुमचा आवाज ऐकला. सांगितलं असतं, तर तुम्ही पुटपुटणं थांबवलं असतं. मला ते थांबायला नको होतं, बाई."

 एवढ्यात चाचांच्या कवेतून आवाज आला, "मॅडम, 'चोंबडे' म्हणजे काय?"

दोघांनी खाली पाहिलं. लॅपटॉपचा कॅमेरा बरोबर बाईंच्या तोंडासमोर. सगळे चौकोन उजळलेले, प्रत्येकात एकेक चेहरा, कुणी कुणी शेजारच्या टेबलावरचं माणूसही बोलावून आणलेलं. सेल्वम वही घेऊन बसला होता. निकिता ओढणीनं डोळे पुसत होती, हसून की कशानं ते मला सांगता येणार नाही.

बाईंनी पदर सारखा केला. "चोंबडा," त्या म्हणाल्या, "विशेषण. नको तिथं नाक खुपसणारा. आदरार्थी अनेकवचन, चोंबडे. उदाहरण लॅपटॉप धरून उभं आहे."

रिसिव्हर सांगत होता, असा हशा त्यानं जन्मात पोचवला नव्हता.

"मॅडम," हसू आवरल्यावर निकिता म्हणाली, "वीस मिनिटं मघाशीच संपली आणि माझी मीटिंगही बुडाली. सोमवारपासून क्लास सुरू करू या. आणि सरांना पण ठेवा, प्लीज. संवाद शिकवायला लागतील."

मला वाटलं, झालं, जिंकलो. पण तास संपल्यावर बाईंनी मला पदरावरून काढलं, बटण बंद केलं, आणि हातानं खूण करून चाचांना सांगितलं, आधी कानांचं बघा, मग माझं बोलणं. तेव्हापासून मी डबीत, आणि चाचा हेडफोन घालून शुकशुकाट ऐकत घरभर फिरताहेत. रविवारी त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि अलिझाला म्हणाले, "चल. कुठं मिळतं ते कानातलं?"

कानात मशीन घालून परतले तेव्हा मी टेबलावर होतो, सोमवारच्या तासाआधी तपासायला नुकताच चालू केलेला. चाचा दारातच थांबले. "ह्या चपला इतक्या वाजतात?" मग कुकरची शिट्टी झाली तर दचकून बाजूला झाले. मग बाईंच्या समोर जाऊन उभे राहिले. बाईंजवळ सांगण्यासारखं किती साचलं होतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? पण ऐनवेळी त्यांना काही आठवेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"दूध आणायचंय," त्या म्हणाल्या.

"किती?" चाचांनी विचारलं. आणि दोघंही असे हसत सुटले की अलिझाला बाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

क्लास चालला, चांगला चालला. दर खेपेला नवी माणसं. नवरा-बायकोच्या संवादाच्या दिवशी म्हणे रजेवरची मंडळीसुद्धा जोडली जात. आता माझी चिमटी मोडलीय, पदराला लावायचं तर सेफ्टी पिन लागते. अंगावरचा स्पंज विरलाय. बॅटरी अर्ध्या तासात मान टाकते. बाईंनी नवीन माइक घेतला तेव्हा दुकानात दोघांनी मिळून ऐकून घेतला, आणि दुकानदाराशी वाद घालून घेतला. मी खणात असतो. अधूनमधून चाचा मला काढून चार्ज करतात, का ते त्यांनाच ठाऊक.

तुम्ही माइक घ्यायला जाल तेव्हा माझं एक ऐका. डबीवरचं मागाहून वाचा. ज्याला बोलायचंय त्याला आधी बोलू द्या, आणि जो ऐकणार आहे त्याचा चेहरा बघा. बस्स. चेहरा बघून घ्या.

एवढं सांगून मी निघालो असतो, पण ईदचं सांगितल्याशिवाय निरोप घेता येणार नाही. नवा माइक आला त्या वर्षी ईद ऐन उन्हाळ्यात आली होती आणि बाईंनी सगळा क्लास शीरखुर्मा खायला बोलावला होता. आजवर चौकोनात पाहिलेली माणसं हाडामांसाची होऊन दारातून आत येत होती. सेल्वम इतका उंच असेल असं वाटलं नव्हतं. घर गच्च भरलं. "बाई, दोन शब्द बोला," सगळे म्हणायला लागले. नवा माइक कुठं ठेवलाय ते सापडेना, म्हणून अलिझानं मला खणातून काढून चालू केलं आणि स्पीकरची वायर शोधायला लागली.

बाईंनी मला हातात घेतलं. बघितलं. आणि टेबलावर ठेवलं. "राहू दे," त्या म्हणाल्या.

वर्तिकानं उठून पंखा बंद केला. कुणीतरी कूलर बंद केला. चाचांनी खिडकी लावून घेतली. घामाच्या धारा लागल्या होत्या, पण लोक पुढं सरकत सरकत जमिनीवर बाईंच्या पायांपाशी येऊन बसले, गुडघ्याला गुडघा लावून. इतकी शांतता कुठल्याच यंत्रानं साफ करून दिलेली मी ऐकली नव्हती.

बाईंनी भाषण केलं नाही. त्यांनी हजेरी घेतली. त्या सुतासारख्या आवाजात, तोंडपाठ, एकेक नाव. "वर्तिका." "हजर, बाई." "सेल्वम." "हजर, बाई." निकिता, अलिझा, सगळी. कुणी मराठीत चुकलं नाही. शेवटचं नाव झालं तरी बाई बसल्या नाहीत. खिडकीकडं बघत राहिल्या. चाळीस वर्षांत ज्या माणसाला त्यांनी 'अहो'पलीकडं कधी हाक मारली नव्हती, त्याचं नाव घेतलं.

"रहीम."

चाचांनी खिडकीची कडी सोडली आणि शाळेतल्या मुलासारखे ताठ उभे राहिले.

"हजर, बाई."